५८३ दिवस

अप्पांना जाऊन आता तीन वर्षं होतील. वर्षश्राद्ध झाल्यावर आईने कपाटातली एक रेक्झिनची बॅग माझ्या पुढ्यात ठेवली. "यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं, ते तूच बघ," म्हणाली. बॅगेत तीन पासपोर्ट होते, त्यातले दोन कोपरा कापून रद्द केलेले. एक जुना व्हर्नियर कॅलिपर होता. आणि रबरबँड लावून ठेवलेल्या, खिशात मावतील एवढ्या बावीस डायऱ्या होत्या.

अप्पा बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात टर्नर होते. शिक्षण नववीपर्यंत, पण लेथवर हात असा बसलेला की फोरमन अवघड जॉब त्यांच्याकडेच पाठवायचे. दोन आत्यांची लग्नं झाली तेव्हा घरावर कर्ज झालं. मग १९८९ च्या जानेवारीत अप्पा ओमानला, मस्कतला गेले. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. मॅट्रिक न झालेल्यांना परदेशी नोकरीसाठी सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागे. तो शिक्का त्यांच्या पहिल्या पासपोर्टवर अजून स्वच्छ दिसतो. दोन वर्षांसाठी म्हणून गेले आणि २०११ साली कायमचे परत आले.

आईने मला तिथे का नेलं नाही, असं मी लहानपणी विचारायचो. कमी पगाराच्या कामगाराला बायकोमुलांना तिकडे बोलावता येत नाही, हे कळायला बरीच वर्षं लागली. दोन वर्षं पूर्ण झाली की दोन महिन्यांची रजा मिळायची. मुंबईहून मस्कत विमानाने तीन तासांच्या आत, पण बेळगावहून मुंबईला बसने अख्खी रात्र लागायची. ते आले की घरात टँग आणि खजुराचा वास सुटायचा. जाताना खोलीतल्या मंडळींसाठी दोन किलो कुंदा आणि आईची शेंगदाण्याची चटणी घेऊन जायचे.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा आमच्या गल्लीत एकच घबराट उडाली. मस्कत आणि कुवेत यांत किती अंतर आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी शेजारच्या मास्तरांनी शाळेचा नकाशा आणून आईला पट्टीने मोजून दाखवलं, असं ती अजून सांगते. त्या रात्री ती कित्येक दिवसांनी पोटभर जेवली म्हणे.

शुक्रवार हा त्यांचा सुट्टीचा दिवस, म्हणून फोनही शुक्रवारीच. तिथे सकाळचे दहा वाजले की इथे साडेअकरा. आधी मास्तरांच्या घरी फोन यायचा, पुढे आमच्याकडे आला. "काय करालास?" हा पहिला प्रश्न. मग अभ्यास, आईचा गुडघा, गळकं छप्पर. तीन मिनिटं होत आली की त्यांचा आवाज घाईला यायचा. मी 'हो' आणि 'बरं' यापलीकडे फारसा बोलत नसे. रजेवर आलेले अप्पाही मला पहिला आठवडाभर पाहुण्यासारखे वाटायचे.

जवळीक झाली ती या व्हर्नियरमुळे. मी सातवीत असताना त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि ओसरीवर बसून वाचायला शिकवला. "आधी वरच्या पट्टीवरचं वाच. मग खालची कुठली रेघ वरच्या रेघेला बरोबर जुळते ती शोध. एका रेघेत झिरो पॉइंट झिरो दोन एमएम." आम्ही घरातलं सगळं मोजलं. पेन्सिल, चमचे, आईच्या बांगड्या, खिडकीचे गज. दोन महिन्यांत मी इतका तयार झालो की पुढे कॉलेजात प्रॅक्टिकलला मला कुणी शिकवावं लागलं नाही.

२००५ साली, सीईटीनंतर, आमचं भांडण झालं. त्यांना वाटत होतं मी मेकॅनिकल घ्यावं. मला कॉम्प्युटर हवं होतं. त्यांनी दोनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा मी म्हणालो, "तुम्हाला काय माहीत मला काय जमतं ते? तुम्ही होतात कुठे?" आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, पण काही बोलली नाही. अप्पांनी चप्पल घातली आणि ते फिरायला गेले. त्या विषयावर आम्ही नंतर कधीच बोललो नाही. मी माफी मागितली नाही. त्यांनी ती अपेक्षिली नाही, असं मी स्वतःला सांगत आलो.

बॅग घरी आणली त्या रविवारी मी लॅपटॉप उघडला आणि तीनही पासपोर्टांवरचे शिक्के एक्सेलमध्ये भरले. मुंबईला उतरल्याची तारीख, मुंबईहून निघाल्याची तारीख. बावीस वर्षांत दहा रजा. बेरीज आली ५८३. सुमारे आठ हजार दिवसांपैकी ५८३ दिवस. माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर जणू कागदावरच आलं होतं आणि मला ते मुळीच नको होतं.

मग डायऱ्या उघडल्या. त्यांत भावनेचं एक अक्षर नाही. शुक्रवारच्या पानावर फोनची मिनिटं, खाली बैसांत खर्च, आणि पुढे एक-दोन शब्द. "गणित ८८." "छप्पर, पैसे पाठवणे." "ताप उतरला." जून २००७ मध्ये गोनू चक्रीवादळाने मस्कतची वाताहत केली. फोन लागला तेव्हा ते आम्हाला म्हणाले होते, "थोडा पाऊस झाला, बाकी काही नाही." डायरीत लिहिलंय, "चार दिवस पाणी नाही. घरी सांगितले नाही."

आमच्या भांडणाची तारीख मला पाठ होती. ते पान कोरं आहे. पुढच्या आठवड्यातल्या एका पानावर निळ्या शाईत एकच ओळ आहे: "पोराची फी भरली. कॉम्प्युटर." त्यानंतरच्या महिन्यांत, मस्कतला परतल्यावर, शुक्रवारच्या पानांवर 'सी', 'जावा', 'डेटाबेस' असे शब्द दिसू लागतात, स्पेलिंग चुकलेले. मी फोनवर जे जे बोलून गेलो ते त्यांनी टिपून ठेवलं होतं.

गेल्या महिन्यात कंपनीने मला दोन वर्षांसाठी जर्मनीला जाण्याबद्दल विचारलं. माझी मुलगी तीन वर्षांची आहे. मला कुटुंब नेता येईल, म्हणून प्रश्न तसा सोपा आहे. पण आई इथे एकटी राहील. मी अजून हो म्हटलेलं नाही.

त्याच संध्याकाळी मी आईला ५८३ चा आकडा सांगितला. ती तांदूळ निवडत होती. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "निघायचा दिवस धरलास काय त्यात?"

"धरलाय."

"तो धरू नको. त्या दिवशी सकाळपासूनच ते घरात नसायचे. दहा वजा कर." मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "आणि शुक्रवार मिळव."

मी शुक्रवार मोजायला बसलो आहे. अजून बेरीज झालेली नाही.