राहण्याचं ठिकाण

जर्मनच्या अगदी पहिल्या, म्हणजे ए-वन पातळीच्या तोंडी परीक्षेत समोर एक कार्ड ठेवतात. त्यावर सात शब्द असतात: नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, व्यवसाय, छंद. या सात खुंट्यांवर स्वतःला टांगून दाखवलं की ओळख झाली. जगभरातली माणसं या कार्डासमोर बसून गेली आहेत, आणि माझा अंदाज असा की त्यातली निम्मी तरी बिनदिक्कत थापा मारून उठली असतील. आमच्या बॅचने तर मारल्याच. चौथा शब्द आला की चिखलीचा, मोशीचा, तळवड्याचा प्रत्येक जण पुण्यात राहायला जायचा. सातव्या शब्दाला सगळ्यांना पोहायला आवडायचं, कारण ते क्रियापद सरळ चालतं. पोहायचं कुठे, हे कुणी विचारत नव्हतं. आमच्या वाट्याला इंद्रायणी, आणि तिच्यावर तरंगणारा पांढरा फेस बघतच आम्ही मोठे झालो. व्यवसायाच्या ओघात घरच्यांचाही विषय निघायचा. माझे बाबा टर्नर होते, त्यांना मी इंजिनिअर करून टाकलं. परीक्षेच्या त्या दिवशी बढती मिळालेले ते एकटेच नव्हते. कुणाचे रिक्षावाले काका व्यापारी झाले, कुणाची आई शिक्षिका.

याला फसवणूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जेवढे शब्द हाताशी, तेवढाच माणूस उभा राहतो. परक्या भाषेत खोटं लवकर येतं. खऱ्याला व्याकरण फार लागतं. नाहीतर चिखली कशी सांगायची? गावाचं जुनं नाव टाळगाव चिखली. तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा त्यांचे टाळ इथे पडले, असं गावात सांगतात. त्यांच्या नावाचं महापालिकेचं संतपीठही इथेच आहे. पण देवळाकडून कुदळवाडीकडे वळलं की टाळ मागे पडतात आणि ग्राइंडर सुरू होतो. साने चौकातली संध्याकाळची गर्दी, मोरेवस्ती, म्हेत्रेवस्ती, घरकुलाच्या इमारती, शिफ्ट सुटली की रस्ताभर होणारे डबेवाले खांदे. एका मजल्यावर बीडची मराठी, दुसऱ्यावर गोरखपूरची हिंदी, आणि दोघांचं भांडण पाण्याच्या मोटारीवरून. एवढं सगळं ए-वनच्या वाक्यात मावत नाही. ए-वनमध्ये मावतं ते असं: माझं शहर सुंदर आहे, तिथे एक नदी आहे.

मग पाठ्यपुस्तकात एक धडा येतो. पुस्तक कुठलंही घ्या, तो यायचाच: कचरा वेगळा करण्याचा. पिवळा डबा वेष्टनांना, निळा कागदाला, तपकिरी ओल्या कचऱ्याला. काचेच्या बाटल्यांतही पांढऱ्या निराळ्या, हिरव्या निराळ्या, तपकिरी निराळ्या. हा धडा चालू असताना वर्गभर एक सामुदायिक सुस्कारा निघतो, ‘बघा, याला म्हणतात शिस्त.’ मीही सुस्कारा सोडणाऱ्यांतलीच. तेव्हा मला कुदळवाडी आठवली नाही, याचं आज नवल वाटतं. पत्र्याच्या शेडखाली मांडी घालून बसलेली एक बाई मी लहानपणापासून पाहत होते. तिच्या एका हाताशी दोरीला बांधलेलं लोहचुंबक असायचं. ते टेकवून चिकटलं तर इकडे, नाही चिकटलं तर तिकडे. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, बीड, पत्रा असे तिचे ढीग लागायचे. प्लॅस्टिकच्या तुकड्यावर ती नखाने टिचकी मारून आवाज ऐकायची. तरीही शंका राहिली तर कोपरा काडीने पेटवून वास घ्यायची आणि मग पीपी, एचडी, एबीएस असं म्हणत तो योग्य ढिगात फेकायची. पुस्तकातल्या सोनेरी केसांच्या मुलाकडे तीन-चार डबे होते. हिच्याकडे डबे मोजायची सोयच नव्हती. पण धड्याखालच्या प्रश्नात ‘तुमच्या देशात कचऱ्याचं काय करतात?’ असं आलं, तेव्हा वर्गातल्या तमाम उत्तरांचा मथितार्थ एकच होता: आमच्याकडे लोक कचरा रस्त्यावर टाकतात. तेही खरंच होतं. एवढंच की अर्धं होतं, आणि उरलेलं अर्धं सांगायला लागणारी वाक्यं पुढच्या पुस्तकात होती. 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडीतली हजारो बांधकामं काही दिवसांत पाडली. त्या बाईची शेडही त्यात गेली.

खरं पाहता आमच्या पट्ट्यात जर्मन भाषा म्हणून आलीच नाही. आधी पंप आले, मग यंत्रं, मग 1995 मध्ये टेल्कोच्या आवारात जुळणी होऊन मर्सिडीज बाहेर पडली आणि 2009 मध्ये चाकणला फोक्सवागनचा कारखाना सुरू झाला. भाषा या सगळ्यांच्या मागून, हातात फाइल धरून आली. बाबा तर जन्मभर जर्मन बोलत होते. जॉबवर्कच्या शॉपमध्ये ‘डिन 912 आण’ म्हटलं की पोऱ्या ॲलन बोल्ट आणायचा. 933 म्हणजे षटकोनी डोक्याचा आणि अखंड आट्यांचा, 934 म्हणजे त्याचा नट, 125 चा वायसर. हे डिन म्हणजे जर्मनीतल्या प्रमाणीकरण संस्थेची आद्याक्षरं, असं मी मोठ्या उत्साहाने घरी येऊन सांगितलं. बाबांनी चहा संपवला आणि म्हणाले, ‘असेल. माल बसतो बरोबर.’

रानडे इन्स्टिट्यूट ही गोष्ट मात्र वेगळी. फर्ग्युसन रस्त्यावरची ती जुनी वास्तू, न्यायमूर्ती रानड्यांच्या स्मरणार्थ उभी राहिलेली. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग तिथे भरतो. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश. सकाळ-संध्याकाळच्या वर्गांना बँकेतले लोक येत, कंपनीने धाडलेले इंजिनिअर येत, मुलं मोठी झालेल्या बायका येत. मेट्रो तेव्हा नव्हती. चिखलीहून मनपापर्यंत बस. दापोडी-खडकीच्या ट्रॅफिकमध्ये क्रियापदांची तिन्ही रूपं घोकून व्हायची आणि तरी बस पुलावरच असायची. आत शिरलं की पहिल्या वर्षी मला सगळ्यात परकी वाटली ती जर्मन नव्हे, तर वर्गातली पुणेरी मराठी. तिथल्या काही मुलींना सातव्या शब्दाला खोटं बोलावं लागत नव्हतं. त्या खरोखरच पियानो वाजवायच्या.

एम.ए.ला आल्यावर एमिने सेवगी ओझदामार वाचायला मिळाली. ही तुर्की बाई. पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला आणि 1965 मध्ये, विशीही गाठली नव्हती तेव्हा, ती इस्तंबूलहून बर्लिनला रेडिओच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात कामाला आली. पुढे ती नाटकात गेली, जर्मनमध्ये लिहू लागली, आणि 2022 मध्ये तिला जर्मन साहित्यातला सर्वांत मानाचा ब्युख्नर पुरस्कार मिळाला. तिच्या ‘डी ब्र्युके फॉम गोल्डनेन होर्न’ या 1998 च्या कादंबरीतली मुलगी बायकांच्या वसतिगृहात राहते. एका खोलीत अनेक जणी, दुमजली पलंग, पहाटेची शिफ्ट. तिला जर्मन येत नाही, म्हणून ती वर्तमानपत्राचे मथळे अर्थ न कळता पाठ करते आणि कुणी काही विचारलं की एखादा मथळा म्हणून दाखवते.

मी वाचता वाचता थांबले. बर्लिनमधली ती खोली मी पाहिलेली होती. आमच्या गल्लीच्या टोकाला ‘कॉट बेसिस’ची पाटी असलेल्या इमारतीत ती होती. एकाची शिफ्ट सुटायची, दुसऱ्याची लागायची. कॉट थंड व्हायला वेळच नसायचा. तिथली पोरं मराठीचे मथळेच पाठ करून वावरायची. ‘किती झाले?’, ‘सुट्टे नाहीत’, ‘पुढे सरका’. मी जर्मनीतलं काही शिकायचं म्हणून पुस्तक उघडलं होतं आणि आत आमचीच गल्ली निघाली, तीही पाठ्यपुस्तकाने कधी न वापरलेल्या जर्मनमध्ये, वाकड्या, तुर्की वळणाच्या, कुणाची माफी न मागणाऱ्या. विद्यापीठाने मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी ही एक कादंबरी दाखवीन. भाषेची परीक्षा कुठेही देता येते. पण ज्या भाषेत आपण पुण्याचे झालो, त्याच भाषेत पुन्हा चिखलीचे होता येतं, हे क्लासमध्ये कळलं नसतं. तिथे एवढा वेळ नसतो.

परक्या भाषेत खरं बोलण्याची वेळ आली की मला इरावती कर्वे आठवतात. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठतेच्या शास्त्राचे मोठे प्रस्थ. कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या असमानतेचा वंशाशी संबंध लागतो का, हे कवट्या मोजून पाहायचं होतं, आणि तो लागावा अशी गुरूंची धारणा. इरावतीबाईंनी मोजलं आणि तसा संबंध दिसत नाही असं लिहिलं. प्रबंध जर्मनमध्ये, 1931 मध्ये तो छापून आला. प्राध्यापकाच्या दारी, प्राध्यापकाच्या भाषेत, प्राध्यापकाला नको असलेलं उत्तर. त्यांच्या जर्मनची पातळी कुठली हे कुठल्या प्रमाणपत्रावर नसेल, पण माझ्या लेखी ती सी-टूच्याही वरची.

उलट्या दिशेने आलेला माणूस म्हणजे ग्युंटर झोन्टहायमर. हायडलबर्ग विद्यापीठाचा, मूळचा हिंदू कायद्याचा अभ्यासक. तो मराठी शिकला आणि पोथ्यांजवळ न थांबता धनगरांच्या वाड्यांवर जाऊन बसला, त्यांच्या ओव्या आणि देवांच्या कथा ध्वनिमुद्रित करत राहिला. ‘बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा’ या नावाचा त्याचा जर्मन ग्रंथ 1976 चा. पावसाळा सरला की कोकणाकडे उतरणारे मेंढरांचे वाडे आपण सगळेच पाहतो. ट्रॅफिक अडला म्हणून हॉर्नही वाजवतो. राहण्याचं ठिकाण या शब्दासमोर धनगराने काय लिहावं? कार्ड पुढे न करता त्याच्याशी बोलत बसायचं, तर नुसती भाषा पुरत नाही, वेळ लागतो आणि मेंढरांच्या वासाची सवय लागते. आपल्या विद्यापीठांतून जर्मन घेऊन बाहेर पडलेल्या आम्हा कितीतरी जणांनी जर्मनीतल्या एखाद्या मेंढपाळाशी अशी बैठक मारली आहे का? आम्ही बहुतेक करून सॉफ्टवेअर कंपनीत गेलो. त्यात वावगं काही नाही, घराचे हप्ते असतात. तरी हा हिशेब एकतर्फी आहे, एवढं नोंदवून ठेवावंसं वाटतं.

त्याच हायडलबर्गच्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये करार केला. इथली कुशल माणसं तिकडे पाठवायची, पहिल्या टप्प्यात 10,000: परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर, स्वयंपाकी. भाषा आधी शिकायची, मग विमान. करारातून असो वा स्वतःच्या खर्चाने, जर्मन आता फर्ग्युसन रस्ता सोडून स्पाइन रोडच्या दुकानांवरच्या मजल्यांवर आली आहे. अशाच एका क्लासमध्ये मी संध्याकाळी शिकवते. माझ्यासमोर बसतात त्यांच्या हातांना ऑइलचा वास असतो, परिचारिकांच्या डोळ्यांवर रात्रपाळी असते. त्यांना ओझदामार शिकवायला अभ्यासक्रमात जागा नाही आणि त्यांच्याकडे सवड नाही. परिचारिकेला तिकडे रुजू व्हायचं तर बी-टू लागते, आणि कर्जाचा हप्ता तोवर वाट पाहत नाही. बाजारात तयार उत्तरांच्या झेरॉक्स मिळतात. त्यातही सगळ्यांना पोहायला आवडतं.

परवा बी-वनचं पत्रलेखन घेतलं. साधारण ऐंशी शब्द. विषय नेहमीचा: परदेशी मित्राला गावी बोलवा, काय दाखवाल ते लिहा. बहुतेकांनी शनिवारवाडा दाखवला. मागच्या बाकावरच्या एका फिटरचा कागद तेवढा निराळा होता. त्याने लिहिलं होतं: तू मार्चमध्ये ये, मे महिन्यात पत्रा फार तापतो. नदीकडे जाऊ नको, वास येतो. मी तुला आमच्या इमारतीच्या गच्चीवर नेईन. लिफ्ट बंद असते, जिने चढावे लागतील. वरून कंपन्या दिसतात. एका कंपनीत मी होतो, आता कॉन्ट्रॅक्ट संपलं. बीजेच्या रात्री इकडून माणसं चालत देहूला जातात, आपणही जाऊ. येताना भुर्जी खाऊ.

विभक्त्यांचा बट्ट्याबोळ होता. शब्दही ऐंशीच्या पुढे गेले होते. मी लाल पेन उघडला तसा तो उठून टेबलाशी आला.

‘मॅडम, हे चालतं का? का शनिवारवाडा टाकू?’

‘शनिवारवाडा बघितलायस का तू?’

‘बाहेरून.’

‘मग हेच ठेव. चतुर्थी तेवढी नीट कर, सगळीकडे चुकलीय.’

तो कागद घेऊन जागेवर गेला आणि शेजारच्याला विचारू लागला की नदी जर्मनमध्ये पुल्लिंगी कशी काय.