राजाचे झाकलेले दुखणे

पाळलेल्या कुत्र्याचे इमान, त्याचे भुंकणे आणि त्याच्या खाण्याचे चोचले यांविषयी मराठी घरांतून कौतुकाने बोलले जाते, परंतु त्याच्या जननेंद्रियांचा विषय निघाला की बोलणे आवरते घेतले जाते. साताऱ्यातील एका घरच्या राजाच्या जिवावर हा संकोच जवळजवळ बेतला. राजा पांढरा, दाट केसांचा होता. ज्याला सर्रास पॉमेरेनियन म्हटले जाते तो कुत्रा बहुधा भारतीय स्पिट्झ असतो, तसाच तोही होता. दिवाळीत फटाक्यांच्या भीतीने तो पलंगाखाली दडून बसे, पण पुरण शिजू लागले की भीती विसरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हजर होई.

त्याचे उजवे वृषण अंडकोशात कधी उतरलेच नव्हते. नर पिलाची वृषणे गर्भावस्थेत मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि जन्मानंतर साधारण दोन महिन्यांत जांघेतील नलिकेतून खाली येतात. सहा महिन्यांनंतरही एखादे वर राहिले, तर त्या अवस्थेला गुप्तवृषणता म्हणतात. पोटातील उष्णतेत शुक्राणू तयार होत नाहीत, मात्र टेस्टोस्टेरॉन हे नराचे संप्रेरक पाझरत राहते, त्यामुळे राजाच्या वागण्यात काहीच उणे दिसले नाही. भाद्रपद लागला की तो घरातून नाहीसा होई आणि कान फाडून घेऊन परते. लस टोचणाऱ्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली होती, पण दुसरे वृषण जागेवर आहे एवढ्यावर घरातल्यांनी समाधान मानले.

नवव्या वर्षी त्याच्या दोन्ही कुशींवरचे केस सारख्याच प्रमाणात गळू लागले आणि कातडी काळवंडली. घरच्यांनी खरूज समजून करंजाचे तेल चोळले, कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळी घातल्या. वास्तविक खरजेत जनावर खाजवून बेजार होते आणि राजा तर खाजवतच नव्हता, पण उपाय करण्याच्या उत्साहात हे कुणाच्या ध्यानात आले नाही. त्या भाद्रपदात तो बाहेर पडला नाही, उलट गल्लीतले नरच त्याचा वास घेत फाटकाशी जमू लागले. हा प्रकार घरच्यांनी पाहिला आणि न पाहिल्यासारखा केला. शेवटी दूध घालायला येणाऱ्या बाई, ज्यांना गुरांच्या माजाविषयी बोलण्याची कधी लाज वाटली नव्हती, सरळ म्हणाल्या, “अवो, ह्याला कुत्रीवानी आचळं आल्यात. डाक्टरला दावा की!”

सोनोग्राफीत पोटातील वृषणाची गाठ झालेली दिसली. शुक्राणूंचे पोषण करणाऱ्या ज्या पेशींचे वर्णन एन्रिको सेर्तोली या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये केले, त्या सेर्तोली पेशींचा हा अर्बुद होता. पोटात राहिलेल्या वृषणात त्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि पुष्कळदा त्यातून इस्ट्रोजेन हे मादीचे संप्रेरक स्रवते. केस गळणे, स्तनाग्रे फुगणे, नरांनी मागे लागणे ही त्याची वरवरची लक्षणे होत. खरे भय अस्थिमज्जेचे असते, कारण इस्ट्रोजेनच्या अतिरेकाने हाडांतील रक्त तयार करणारा हा मगज निकामी झाला, तर गाठ काढूनही जनावर वाचेल याची शाश्वती नसते. राजाच्या प्लेटलेट्स किंचितच उतरल्या होत्या, म्हणून दोन्ही वृषणे काढून टाकता आली. काही महिन्यांत नवे केस आले आणि पुढे तो तीन वर्षे जगला.

गुप्तवृषणतेचा दोष आनुवंशिक असल्यामुळे अशा नराची पैदास होऊ देऊ नये, असे पशुवैद्य सांगतात. राजाचे डावे वृषण मात्र शाबूत होते आणि भाद्रपदात त्याला कोणी अडवले नव्हते. गल्लीत त्याच्यासारखी पांढरी पिले दिसत. त्यांपैकी एक शेजाऱ्यांनी पाळले, तेव्हा ते सहा महिन्यांचे होताच त्याची दोन्ही वृषणे उतरली आहेत का, याची चौकशी राजाच्या घरून फाटकावरूनच, चारचौघांत, मोठ्याने झाली.