तळाच्या दोन ओळी

हात थरथरायला लागल्यापासून माऊसचा बाण माझं ऐकेना, आणि माझं अक्षर बहिणीला लागेना. नातवाने जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकून टर्मिनल उघडून दिलं. त्यात ‘नॅनो’ बहुधा असतोच. नसला तर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल नॅनो’ एवढं टंकायचं. १९९९ साली ख्रिस ॲलेग्रेटा यांनी ‘पिको’ला मुक्त पर्याय म्हणून तो लिहायला घेतला. माऊस लागत नाही. तळाच्या दोन ओळींत खुणा असतात, टोपीसारखं चिन्ह म्हणजे कंट्रोल. कंट्रोल-ओ जतन, कंट्रोल-एक्स बाहेर. (फळ्याच्या कोपऱ्यात मी सूत्रं लिहून ठेवायचो, तसंच!) जोडाक्षरं टर्मिनलमध्ये फुटकी दिसतात, पण फाईल दुसरीकडे उघडली की धड असतात. छापून पाठवलेलं पहिलं पत्र ताईने चष्म्याशिवाय वाचलं म्हणे. दुसरं अर्धं झालंय.