एक मूल, एक फोटो : अजिंठ्याच्या सहलीचा अनुभव



'माझा आवडता छंद : छायाचित्रण' हा निबंध आपण मुलांकडून हमखास लिहून घेतो. 'निसर्गाचे सौंदर्य कॅमेऱ्यात टिपणे' हे वाक्य त्यात असतंच. मीसुद्धा ते कितीदा फळ्यावर लिहून दिलंय. पण टिपायचं म्हणजे काय करायचं, हे सातवीतल्या एका मुलाने मला सहलीत दाखवलं आणि मी तेव्हा त्याचं ऐकलं नाही. तेच आज तुम्हाला सांगते.

आमची शाळा छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर, खडी क्रशरच्या भागात आहे. बरेच पालक खाणीवर नाहीतर क्रशरवर कामाला. आदल्या वर्षी आम्ही वेरूळला गेलो होतो. तेव्हा माझ्या फोनमध्ये सहाशेच्या वर फोटो आले. कैलास लेण्यासमोर उभी मुलं, कैलास लेण्यासमोर बसलेली मुलं, दोन बोटं वर केलेली मुलं. परत आल्यावर वर्गात सहज विचारलं, "अंगणातल्या दगडी हत्तीची सोंड शाबूत आहे की तुटलेली?" एकालाही सांगता येईना. मलाही आठवेना. फोटो उघडून पाहिला तर हत्तीच्या पुढे आम्हीच उभे होतो.

म्हणून या वेळी नियम केला. सहल अजिंठ्याला, आणि एका मुलाला माझ्या फोनवर एकच फोटो. आधी भरपूर बघायचं, मग काढायचा.

तयारी दोन आठवडे चालली. खर्च काही नाही. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याला मधोमध आयताकृती खिडकी कापायची, ती डोळ्यासमोर धरायची आणि शाळेतला लिंब बघायचा. हात लांब केला की खिडकीत एक फांदी मावते, जवळ आणला की सगळं झाड. सकाळच्या प्रार्थनेला, दुपारच्या सुट्टीत आणि शाळा सुटताना असं तीनदा बघायला लावलं. तिसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, दुपारी झाड चपटं दिसतं, संध्याकाळी फुगतं." प्रकाश तिरपा आला की सावल्या पडतात आणि वस्तूला गोलाई येते, हे मी डीएडला शिकले नव्हते. तिने बघून सांगितलं. पालकांनो, हा प्रयोग घरच्या गॅलरीतूनही होतो, करून बघा.

सहलीआधी मुलांना मेजर रॉबर्ट गिलची गोष्टही सांगितली. 'अजिंठा' सिनेमामुळे पारो आणि गिल आपल्याला माहीत आहेत. पारोची कबर अजिंठा गावात आहे. पण मुलांना मी प्रेमकथेऐवजी त्याच्या कामाची गोष्ट सांगितली. ईस्ट इंडिया कंपनीने 1844 मध्ये त्याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. अंधारात, वटवाघळांच्या संगतीत त्याने वर्षानुवर्षं मोठमोठ्या कॅनव्हासवर ती चित्रं उतरवली. ती लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि डिसेंबर 1866 च्या आगीत बहुतेक सगळी जळाली. मधल्या काळात तो कॅमेराही शिकला होता. त्याने काढलेले 74 फोटो असलेलं लेण्यांवरचं पुस्तक 1864 मध्येच छापून झालं होतं. रंग गेले, काळेपांढरे फोटो राहिले. मुलं गप्प झाली. मग मागून एक आवाज आला, "मॅडम, मग तो रडला असंल का?" मी म्हटलं, रडलाच असेल रे.

तर सहल. जानेवारी महिना, डोंगर वाळलेल्या गवताने पिवळा, धबधब्याला थेंब नाही. इंटरनेटवर अजिंठ्याचे फोटो बघाल तर सगळे पावसाळ्यातले, हिरवेगार. आमच्या मुलांचा हिरमोड झाला. एका मुलीने मात्र पाणी पडून पडून कड्यावर उमटलेला काळा पट्टा शोधला आणि आपला एकुलता एक फोटो त्यावर खर्च केला. "पाणी नाही, पण पाण्याची वाट आहे," असं तिचं म्हणणं. सहलीतला हा सगळ्यात चांगला फोटो, असं मला आजही वाटतं.

चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे. तीव्र प्रकाशाने जुने रंग उडतात, हे मुलांना आधी समजावलेलं बरं, नाहीतर पहारेकऱ्याची शिट्टी ठरलेली. फ्लॅश नसला की फोन जास्त वेळ प्रकाश गोळा करतो, म्हणून कोपर बरगडीला टेकवून, श्वास धरून उभं राहायचं. बिनॉय बहल या छायाचित्रकाराने 1991 पासून अजिंठ्याची चित्रं अशाच अगदी मंद उजेडात, फ्लॅशशिवाय काढली आणि त्यातून रंग वर आले. पहिल्या लेण्यात कमळ धरलेल्या पद्मपाणीसमोर आमच्या मुलांनी श्वास धरला होता खरा, पण शेवटी हसू फुटलंच. तीन फोटो हलले. पण तेवढा वेळ ती त्या चेहऱ्याकडे बघत होती, हे काय कमी आहे!

दुपार झाली. सगळ्यांना 26 व्या लेण्यातला निजलेला बुद्ध बघायचा होता. त्याच्या अलीकडे 24 वं लेणं लागतं. ते अर्धवट राहिलेलं, त्यामुळे लोक थांबत नाहीत. तो मुलगा तिथेच थांबला. एका भिंतीसमोर पुठ्ठ्याची खिडकी धरून पाच मिनिटं तरी उभा असेल. मग माझ्याकडे फोन मागितला. मी बघितलं, भिंतीवर काहीच नाही, नुसता खडबडीत दगड. उशीर होत होता, बसचे ड्रायव्हर काका दोनदा फोन करून चुकले होते. मी म्हणाले, "अरे, एकच फोटो आहे, असा वाया घालवतोस? पुढे एवढा मोठा बुद्ध आहे, त्याचा काढ." त्याने मान हलवली. पुढे जाऊन बुद्धाचा फोटो काढला. चांगला आला.

सोमवारी वर्गातल्या टीव्हीवर सगळे फोटो लावले. ज्याचा फोटो त्याने उठून सांगायचं, हाच का काढला. त्याची पाळी आली. बुद्धाकडे बघत तो म्हणाला, "मॅडमनी सांगितलं म्हणून."

वर्ग हसला. मला हसता आलं नाही.

सुट्टीत त्याला जवळ बसवून विचारलं, त्या भिंतीत काय होतं? म्हणाला, "टाकीचे घाव होते. माझा आज्जा टाकीनं जाती करायचा, तसेच. तिरप्या रेघा. आन् मॅडम, वरचं छत नीट केलेलं होतं, खाली दगड तसाच. म्हंजी वरून खाली आलेत ते. खालून कोरलं तर वर पोचायचं कसं?"

मी घरी जाऊन वाचलं. बरोबर होतं. लेणी छतापासून खाली कोरत आणली की उंच परात बांधावी लागत नाही, उरलेला दगडच उभं राहायला कामी येतो. आणि दगडही तोच, आमच्या क्रशरवर ज्याची खडी होते तो काळा पाषाण. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण मी दरवर्षी निबंधात घालायला सांगते. टाकीचा घाव समोर होता आणि मला तो दिसला नाही. वर त्या पोराला मी म्हटलं, भिंतीवर काहीच नाही.

या वर्षीचा नियम थोडा बदललाय. एक मूल, एक फोटो, तसंच. पण कशाचा काढायचा हे शिक्षकांनी बोलायचं नाही, उशीर होत असला तरी. आमच्या दुसऱ्या सरांना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते मग चाळीस फोटो माकडांचे येतील. येऊ देत. माकडं काय करत होती, ते तरी नीट लिहितील.

मे महिन्याच्या सुट्टीत घरच्यांबरोबर परत अजिंठ्याला गेले. उन्हाने जीव नकोसा झाला होता, तरी 24 व्या लेण्यात थांबले, भिंतीचा फोटो काढला आणि त्याच्या वडिलांच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. रात्री त्या नंबरवरून उत्तर आलं. मुलानेच लिहिलं असणार :

"मॅडम ही ती भिंत नाही. ती आतली, उजव्या अंगाची."