बालबेकचा मुक्काम

लेबनॉनमधलं बालबेक हे मुक्कामाचं गाव नव्हे, असं बैरूतमध्ये पर्यटकांना सर्रास सांगितलं जातं. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या पुण्याच्या एका बाईंना हे वाक्य आठवलं की अजूनही संताप येतो.

अंतर जेमतेम 85 किलोमीटर. डोंगर ओलांडून बेका खोऱ्यात उतरायचं, की आलंच. सहलीचा साचा ठरलेला: आधी अंजारचे अवशेष, मग क्साराची वाइनची तळघरं, आणि मधे कुठेतरी बालबेकला दीड-दोन तास. बाईंनी एका प्रवास कंपनीत चौकशी केली, तर तिथला माणूस मुक्कामाचं नावच काढू देईना. रात्री तिथे काय आहे? वीज नसते. भाग बरा नाही. एकट्या बाईमाणसाने कशाला? बाईंनी हॉटेलचं नाव सांगितलं, तर तो म्हणाला, ते जुनंपुराणं आहे, आमच्या यादीत नाही. ज्या गावात ज्युपिटरचं एवढं मोठं रोमन देऊळ उभं राहिलं, तिथे माणसाला भर उन्हात नेऊन दीड तासात बाहेर काढायचं, हे पाहुण्याला पानावर बसवून पहिल्या घासालाच उठवण्यासारखं आहे. शिवाय त्या सहलीचा बहुतेक पैसा बैरूतलाच राहतो. गावाच्या पदरी पडतं काय? तिकीट आणि पाण्याच्या बाटल्या.

बाई शेवटी बैरूतच्या कोला चौकातून मिनीबसमध्ये बसल्या आणि एकट्या गेल्या.

त्या उतरल्या ते हॉटेल पाल्मिरा 1874 सालचं आहे. रस्त्याच्या एका अंगाला हॉटेल आणि पलीकडे थेट रोमन देवळं. 1898मध्ये जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म बालबेकला येऊन गेला आणि त्यानंतर जर्मन पुरातत्त्वज्ञांनी इथे मोठं उत्खनन केलं. पहिल्या महायुद्धात हॉटेल जर्मनांच्या ताब्यात होतं, दुसऱ्यात ब्रिटिशांच्या. फ्रान्सचे जनरल द गॉल इथे राहिले होते. भिंतींवर फ्रेंच लेखक-चित्रकार झाँ कोक्तोची रेखाचित्रं आहेत. 1950च्या दशकात देवळांच्या आवारात संगीत-नाट्य महोत्सव सुरू झाला. त्यात लेबनॉनची फैरूज गायली, अमेरिकेची एला फिट्झजेराल्ड गायली. 1975च्या यादवी युद्धाने महोत्सव बंद पडला, तो दोन दशकांहून अधिक काळ. हॉटेलचे दरवाजे मात्र त्या काळातही बंद झाले नाहीत, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात.

खोलीचं छत उंच, खिडकीला लाकडी झडपा, पलंग जुना आणि जड. रात्री वीज गेली. लेबनॉनमध्ये ती रोजच जाते. कर्मचाऱ्याने दिवा आणून दिला आणि झडप उघडून बाहेर बोट दाखवलं. ज्युपिटरच्या देवळाचे सहा खांब काळ्या आभाळात उभे होते. मूळचे 54, प्रत्येक सुमारे वीस मीटर उंच. 1759च्या भूकंपापर्यंत नऊ उभे होते, त्यातले तीन तेव्हा कोसळले. हे आकडे बाईंनी वर्गात कित्येकदा सांगितले असतील. पण त्या खिडकीत बसून खांब मोजताना आपण कधी काही शिकवलंच नव्हतं असं त्यांना वाटलं.

सकाळी, सहलीच्या बस यायच्या आत, बाखसच्या देवळात त्यांच्याखेरीज फक्त एक राखणदार होता. आकाराने हे देऊळ अथेन्सच्या पार्थेनॉनहून मोठं आहे, आणि भिंती, दाराची चौकट, छताचं कोरीवकाम इतकं शाबूत, की आत शिरल्यावर त्याला अवशेष म्हणवत नाही. मग बाजारात सफीहा. बालबेकची रीत अशी, की खाटकाकडून टोमॅटो-कांदा घातलेला खिमा घ्यायचा आणि शेजारच्या भट्टीवर द्यायचा. भट्टीवाला पिठाच्या छोट्या चौकोनात खिमा भरून चारही कोपरे चिमटीने दाबतो आणि लाकडी फळीवरून भराभर आत सरकवतो.

परतल्यावर बाई भेटेल त्याला सांगत सुटल्या, बालबेकला राहाच.

मग 2024चा नोव्हेंबर आला. इस्रायलच्या हल्ल्यात देवळांलगतची मनशिया ही ऑटोमन काळातली इमारत जमीनदोस्त झाली आणि हॉटेलचंही नुकसान झालं. बाईंनी पाहिलेल्या बहुतेक बातम्यांत मथळा एकच: रोमन मंदिरं सुरक्षित. त्याच महिन्यात युनेस्कोने लेबनॉनमधल्या 34 वारसास्थळांना विशेष संरक्षण जाहीर केलं, त्यात बालबेकही होतं. ते आवश्यकच होतं. पण दीडशे वर्षं जगभरच्या माणसांना त्या खांबांसमोर झोपवणाऱ्या हॉटेलला बातमीत एखादी ओळ, हे बाईंना सहन होत नाही. देवळं दोन हजार वर्षांची म्हणून मोलाची आणि त्यांच्याभोवती जगलेलं गाव बिनमोलाचं, असं इतिहासात नसतं.

त्यांच्या भाच्याने अलीकडे विचारलं, जाऊ का? तेव्हा त्यांनी इतक्यात नको म्हणून सांगितलं. प्रवास कंपनीवरचा राग मात्र तसूभरही कमी झालेला नाही. युद्ध होईल म्हणून तो माणूस अडवत नव्हता, त्याला संध्याकाळी गाडी रिकामी हवी होती, असं त्या ठामपणे म्हणतात. आणि शांतता आल्यावर जो कुणी जाईल त्याला त्यांचं सांगणं तयार आहे: देवळांकडची खोली माग, सफीहा सकाळीच खा, भट्टी दुपारी गर्दीची असते, आणि पैसे त्याच गावात खर्च कर.