पालातल्या चुलीचं धुराडं

आज सुरगाण्यात पत्र्याच्या दुकानापाशी बराच वेळ रेंगाळलो. द्राक्षांच्या हंगामात इथली कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे कामाला जातात, मळ्याकडेला पालं ठोकतात. थंडीत चूल आत येते आणि धूर लेकरांच्या डोळ्यांत जातो. त्या चुलीला उचलून नेता येईल असं धुराडं हवं, हे डोक्यातून जात नाही.

गॅल्व्हनाइज्ड पत्रा स्वस्त आणि सहज मिळणारा. पण त्यावरचं जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. लाल होईतो तापलं तर त्याचा पांढरा धूर अंगात ताप भरवतो. कोंदट पालात तो नकोच. ॲल्युमिनियम हलकं, पण ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. तेलाच्या डब्याचा पत्रा जवळपास फुकट, मात्र लवकर जळून त्याला भोकं पडतात. काळा पत्रा टिकेल, पण जड. शिवाय इथल्या पावसाळ्यात गंजणार. माझं मन पातळ स्टेनलेस स्टीलवर बसलं आहे. महाग आहे खरं, पण पत्रा गुंडाळून कड्यांनी आवळला की नळी होते; कड्या काढल्या की ती उलगडते आणि गाठोड्यात मावते.

धुराडं असलं तरी झोपताना निखारे बाहेरच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ताडपत्रीतून नळी निघते तिथे पत्र्याची रुंद चकती लागेल. तिचं माप उद्या घ्यायचं आहे.