बंद पाकीट

शाळेने दिलेली बंद चिठ्ठी तुम्ही कधीतरी घरी नेली असेल. आत काय लिहिले असेल, या विचाराने छाती धडधडली असेल. अशाच काही बंद पाकिटांची गोष्ट आज मी तुम्हांला सांगणार आहे.

बी.एड. करत असताना मी राल्फ एलिसन या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाची एक कादंबरी वाचली. ती १९५२ साली प्रसिद्ध झाली. तिचे नाव 'इन्व्हिजिबल मॅन', म्हणजे अदृश्य माणूस. पण ही जादूची गोष्ट नव्हे. तिचा नायक हाडामांसाचा तरुण आहे. लोकांना त्याचा काळा रंग दिसतो, तो स्वतः दिसत नाही. लेखकाने त्याला अखेरपर्यंत नावही दिलेले नाही.

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. तरी दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या, आगगाडीचे डबे वेगळे, पाण्याचे नळही वेगळे होते. तिथेच हा मुलगा वाढतो. तो हुशार असतो. गावातील प्रतिष्ठित गोरे लोक त्याला भाषणासाठी बोलावतात. पण आधी त्याच्या आणि इतर काळ्या मुलांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना आपसांत मारामारी करायला लावतात आणि हसत बसतात. रक्ताळलेल्या तोंडाने तो भाषण करतो. त्याला कॉलेजची शिष्यवृत्ती मिळते. शिकलो की मान मिळेल, या आशेने तो सारे विसरतो.

कॉलेजात एका गोऱ्या देणगीदाराला फिरवताना तो त्यांना काळ्यांची गरिबी दाखवतो. प्राचार्य संतापतात. ते स्वतः कृष्णवर्णीय, पण त्यांना आपली खुर्ची प्यारी! ते त्याला न्यूयॉर्कला पाठवतात आणि कामासाठी सात बंद पत्रे देतात. बिचारा ती घेऊन दारोदार फिरतो. शेवटी एकजण त्याला पत्र उघडून दाखवतो. 'याला कायमचे काढले आहे, पण हे त्याला कळू न देता आशेवर ठेवा,' असा त्यातला मजकूर असतो. इतके दिवस तो आपल्याच विरुद्धची पत्रे जपून नेत होता!

पुढे तो रंगाच्या कारखान्यात लागतो. तिथे पांढऱ्या रंगाच्या डब्यात काळ्या द्रवाचे दहा थेंब ढवळतात. थेंब दिसेनासे होतात आणि शुभ्रतेचे कौतुक होते. काळ्यांच्या कष्टांचेही असेच होत होते.

अमेरिकेत १९५४ साली न्यायालयाने शाळांतील भेदभाव बेकायदा ठरवला. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला. पण कायद्याने माणसांची नजर लगेच बदलत नाही.

कादंबरी वाचताना मला प्राचार्यांचा फार राग आला होता. पुढे मी शिक्षक झालो. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसे. तो फळ्यावरचे काहीच उतरवून घेत नसे. 'मुलगा आळशी आहे,' अशी चिठ्ठी लिहून मी पाकीट बंद केले आणि त्याच्याच हाती दिले. त्याने ते इमानाने घरी नेले. दुसऱ्या दिवशी त्याचे अब्बा आले. खाली मान घालून म्हणाले, "सर, याला लांबचं दिसत नाही. चष्म्यासाठी पैसे जमवतोय."

त्याला फळा दिसत नव्हता आणि मला तो दिसला नव्हता. मी त्याची माफी मागितली आणि त्याला पहिल्या बाकावर बसवले. माझी चूक आणि त्या देशातील अन्याय यांची बरोबरी होऊ शकत नाही. पण न पाहताच माणसाविषयी मत बनवण्याची सवय दोन्हीकडे होती.

तेव्हापासून मी विद्यार्थ्याविषयी काही लिहिले, की आधी त्यालाच वाचून दाखवतो. मित्रांनो, उद्या इतरांविषयी लिहिण्याचा अधिकार तुमच्याही हाती येईल. तेव्हा लेखणी उचलण्यापूर्वी त्या माणसाकडे एकदा नीट पाहा.